घरातच राहिलेला संन्यासी : कै. रेव्हरंड नारायण वामन टिळक

संन्यासी हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे भगवी वस्त्रे, हाती कमंडलू आणि पाठीमागे सोडून दिलेले घरदार असे चित्र उभे राहते. ख्रिस्ती जगातही याहून फारसे निराळे चित्र नाही. इजिप्तच्या वाळवंटात संत अँटनी एकांतवासासाठी निघून गेले, त्यास आता सतरा शतकांहून अधिक काळ लोटला. पुढे सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी प्रार्थना आणि श्रम यांची सांगड घालून मठवासीयांसाठी नियम घालून दिले, आणि युरोपभर मठ उभे राहिले. या मठांनी विद्या राखली, शेती सुधारली, आजाऱ्यांची शुश्रूषा केली. त्यांचे हे ऋण कोणीही विसरू नये. तथापि मठ म्हटला की भिंत आली आणि भिंत म्हटली की आतले व बाहेरचे असा भेद आला. आत राहतो तो देवाचा, आणि बाहेर राहून पोटापाण्याच्या मागे धावतो तो संसाराचा, अशी वाटणी लोकांच्या मनात आपोआप होऊन बसते.

ही वाटणी खरी आहे काय? आमचे बहुतेक विद्यार्थी गिरगाव, परळ, लालबाग, दादर या भागांतून येतात. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी चाळीतील एका खोलीत सहा-सात माणसांचा संसार केला आणि गिरणीच्या भोंग्यावर आपला दिवस मोजला, अशी घरे त्यांत पुष्कळ आहेत. गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी उंच इमारती उठल्या, तरी या शहरात एकांत अजूनही दुर्मिळच आहे. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसास देवाला संपूर्ण वाहिलेले आयुष्य जगावयाचे असेल, तर त्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर एका मराठी कवीने आपल्या आयुष्याच्या अखेरच्या दोन वर्षांत देऊन पाहिले. त्या कवीचे नाव नारायण वामन टिळक. फुला-मुलांचे कवी म्हणून ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांच्या कविता पाठ्यपुस्तकांतून अनेक पिढ्यांनी पाठ केल्या. परंतु या कवीने पंचावन्नी उलटल्यावर पगाराची नोकरी सोडून संन्यास घेतला, आणि तोही आपले घर व आपली पत्नी न सोडता, ही गोष्ट मात्र थोड्यांसच ठाऊक असते. म्हणून त्यांचे चरित्र आज आम्ही या दृष्टीने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व स्वभावाने अत्यंत कडक होते. आई जानकीबाई भक्तिमान, कोमल मनाची आणि काव्याची आवड असणारी होती. मुलाचा सारा ओढा आईकडे. ती माउली लवकरच निवर्तली आणि त्या कोवळ्या वयात नारायणाने घर सोडून नाशिकची वाट धरली. पुढे आयुष्यभर त्यांच्या पायांस जी भिंगरी लागली, तिचा हा पहिला फेरा होता असे म्हणावयास हरकत नाही. नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेतही ते गेले, परंतु ते शिक्षण फार दिवस चालले नाही. बाकीचे जे मिळविले ते स्वतःच्या वाचनाने मिळविले.

इ. स. १८८० मध्ये त्यांचा विवाह नाशिकजवळील जलालपूर येथील गोखले यांच्या मनकर्णिका या कन्येशी झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. त्याच पुढे स्मृतिचित्रे हे आत्मचरित्र लिहून मराठी वाङ्मयात अमर झालेल्या लक्ष्मीबाई टिळक. ज्या घरात मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घेतल्याशिवाय वापरीत नसत, अशा कडक सोवळ्याच्या घरात त्या वाढलेल्या होत्या. आणि गाठ पडली ती एका जागी बूड न टेकणाऱ्या कवीशी. टिळक आज एका गावी शिक्षक असत, उद्या दुसऱ्या गावी कीर्तन-व्याख्यान करीत असत, आणि परवा कोणास न सांगता तिसरीकडेच निघून जात. हाती पैसा आला की तो गरजूंच्या हाती जाई, किंवा त्याची पुस्तके होत. घरात उद्या काय शिजवावयाचे ही चिंता करण्याचे काम पत्नीवर सोडलेले असे.

येथे आम्हांस एक गोष्ट झाकून ठेवावयाची नाही. थोर माणसांची चरित्रे लिहिताना त्यांचे दोषही गुणांच्या रंगात बुडवून काढण्याची रीत आहे. ती आम्ही पाळणार नाही. तरुणपणीचे टिळक जे घर सोडून जात, त्यास वैराग्य म्हणता येणार नाही. ती मनाची अस्वस्थता होती, आणि तिची किंमत लक्ष्मीबाईंना व लहान मुलांना मोजावी लागली. घर सोडणे आणि स्वार्थ सोडणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्यांस कळावयास अजून पुष्कळ वर्षे जावयाची होती. त्यांच्या चरित्राचा मोठेपणा आम्हांस यातच वाटतो की, अखेरीस ते त्यांस कळले.

इ. स. १८९१ च्या सुमारास टिळक नागपुरास आले. तेथे आप्पासाहेब बुटी या धनिक व विद्याप्रेमी गृहस्थांच्या आश्रयाखाली संस्कृत ग्रंथांचे काम त्यांस मिळाले. ऋषि नावाचे एक मासिकही त्यांनी चालविले. शास्त्रे वाचून झाली होती, तीर्थे पाहून झाली होती, परंतु मनाचे समाधान झाले नव्हते. माणसामाणसांत उच्चनीच भाव ठेवणारा जातिभेद त्यांस सहन होत नसे. या देशास नव्या धर्मभावनेची गरज आहे, असे त्यांच्या मनाने घेतले होते.

अशा मनःस्थितीत १८९३ साली ते आगगाडीने राजनांदगावाकडे निघाले असता, डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी त्यांची गाठ पडली. त्या काळी गोऱ्या प्रवाशाच्या शेजारी बसणे हा हिंदी माणसास बहुधा अपमानाचाच प्रसंग असे. परंतु या प्रवाशाने त्यांस आदराने जवळ बसविले, संस्कृत काव्याविषयी त्यांच्याशी गोष्टी केल्या, आणि निरोप घेताना नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती दिली. टिळकांनी ते पुस्तक केवळ शब्दास जागण्यासाठी वाचावयास घेतले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी येताच मात्र त्यांचे मन तेथे खिळून राहिले. शत्रूवरही प्रेम करावे, देवाला पिता म्हणावे, उद्याची चिंता करू नये, ही शिकवण त्यांच्या अंतःकरणास भिडली. पुढे दोन वर्षे त्यांनी विचार, वाचन व प्रार्थना यांत घालविली. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन ॲबट हे त्या वेळी मुंबईत होते. त्यांच्याशी टिळकांचा परिचय झाला. हेच ॲबट पुढे महाराष्ट्रातील संतांच्या चरित्रांचे इंग्रजी भाषांतर करून प्रसिद्धीस आले.

अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी आमच्या या मुंबई शहरात टिळकांचा बाप्तिस्मा झाला. १८१३ सालापासून मुंबईत काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत ते दाखल झाले.

त्या दिवसाचा आनंद टिळकांचा होता. दुःख लक्ष्मीबाईंचे होते. त्या काळी असा मनुष्य आपल्या आप्तांस मेल्यासारखाच होई. सुमारे पाच वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. लक्ष्मीबाई आपल्या नातेवाइकांकडे राहिल्या. काही काळ पंढरपुरासही होत्या. टिळक पत्रे पाठवीत, भेटावयास येत, परंतु त्यांनी धर्मांतराविषयी जबरदस्ती केली नाही. पुढे लक्ष्मीबाई नगरास आल्या, त्याही आपले सोवळे व आपली चूल निराळी ठेवूनच. हळूहळू स्वतःच्या विचाराने त्यांची खात्री पटली की, जात ही देवाने केलेली नसून माणसाने केलेली आहे. एकदा ही गाठ सुटल्यावर त्यांनी कोणाचेही अन्नपाणी घेण्यास आरंभ केला, आणि १९०० साली राहुरी येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. या पाच वर्षांनी टिळकांस पुष्कळ शिकविले असावे, असे आम्हांस वाटते. तरुणपणी जे घर त्यांनी वारंवार सहज सोडले होते, त्या घराची किंमत त्यांस ते हिरावले गेल्यावर कळली.

यानंतरची सतरा वर्षे नगर व राहुरी येथे गेली. नगरच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात ते शिकवीत. १९०४ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. १८४२ पासून चालत आलेल्या ज्ञानोदय या पत्राच्या मराठी विभागाचे संपादनही पुढे त्यांच्याकडे आले. ख्रिस्ती मंडळीत तोवर जी गीते म्हणत, त्यांतील बरीचशी इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरे होती. टिळकांनी अभंग, ओवी, आर्या, पद हे आपले घरचे छंद उपासनेत आणले. तुकारामांच्या अभंगांनीच आपणांस ख्रिस्ताच्या पायांशी पोहोचविले, अशी त्यांची श्रद्धा होती. तुकोबांचे हे ऋण त्यांनी कधी लपविले नाही. मंडळीच्या उपासनासंगीतात त्यांची दोनशेंहून अधिक गीते आहेत. गिरगावचे आंब्रोली चर्च असो की भायखळ्याचे ह्यूम मेमोरियल चर्च असो, मराठी उपासना जेथे होते तेथे टिळकांचा शब्द आजही गायिला जातो. कीर्तनाची परंपराही त्यांनी ख्रिस्ती मंडळीत उत्साहाने वाढविली.

त्यांचे घर म्हणजे एक उघडी धर्मशाळाच होती. दुष्काळात आईबाप गमावलेल्या मुलांस तेथे आसरा मिळे. शिकावयास आलेले विद्यार्थी तेथे राहत. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच आपले बालकवी, हेही काही काळ टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. हिंदू मित्र येत, ख्रिस्ती मित्र येत. पंक्तीला कोण किती असतील याचा भरवसा नसे. हे सारे पाहता असे वाटते की, ज्या आश्रमाची त्यांनी पुढे घोषणा केली, तो लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात आधीच सुरू झाला होता.

असे असता १९१७ साली टिळकांनी मिशनच्या सेवेचा राजीनामा दिला. वेतन घेणे बंद केले. आपण आता संन्यासी झालो असे त्यांनी जाहीर केले आणि साताऱ्यास बिऱ्हाड केले. यात मिशनशी भांडण नव्हते. ज्ञानोदयाचे काम त्यांनी चालूच ठेविले, जुन्या मित्रांचा स्नेहही राखला. मग हा राजीनामा कशासाठी?

याचे कारण समजून घेण्यासाठी तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. हिंदी ख्रिस्ती उपदेशकास मिशनकडून पगार मिळे. तो पगार परदेशातून येई. त्यामुळे बाहेरच्या लोकांस वाटे की, हा जे बोलतो ते पगारासाठी बोलतो. आतल्या लोकांसही हळूहळू देवापेक्षा साहेबाच्या मर्जीकडे पाहण्याची सवय लागे. भारतीय मंडळीने स्वतःच्या पायांवर उभे राहावे, तिचे गाणे आपले असावे, तिचा पोशाख आपला असावा आणि तिचा धर्मोपदेशक आपल्या लोकांस आपला वाटावा, ही टिळकांची तळमळ होती. ज्या देशात लोक वेतनदार पंडितापेक्षा निःसंग साधूचे अधिक ऐकतात, त्या देशात ख्रिस्ताची कथा सांगणाऱ्यानेही निःसंग झाले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

असा विचार करणारे ते एकटे नव्हते. टिळकांच्याच जन्मवर्षी, म्हणजे १८६१ साली, बंगालात जन्मलेले ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी ख्रिस्ती होऊन भगवी वस्त्रे धारण केली होती. पंजाबातील साधू सुंदरसिंग १९०५ पासून अनवाणी भ्रमण करीत होते. महाराष्ट्राशी संबंध असलेले आणखी एक उदाहरण म्हणजे फादर नीलकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे यांचे. काशीस वाढलेले हे विद्वान ब्राह्मण १८४८ साली ख्रिस्ती झाले, पुढे विलायतेस जाऊन ऑक्सफर्ड येथील मठवासी संघात त्यांनी उमेदवारी केली, आणि अत्यंत साधेपणाने राहून १८९५ साली मुंबईतच त्यांनी देह ठेविला. ज्या वर्षी या शहरात टिळकांचा बाप्तिस्मा झाला, त्याच वर्षी फादर गोरे येथे निवर्तले.

परंतु टिळकांची वाट या सर्वांहून निराळी होती. फादर गोरे यांनी पाश्चात्य मठाचा नियम पत्करला होता. ब्रह्मबांधव व सुंदरसिंग हे ब्रह्मचारी होते. त्यांस मागे वळून पाहावे असे घर नव्हते. टिळकांपाशी घर होते, पत्नी होती, मुले होती. ख्रिस्ती मठवासी तीन व्रते घेतो : अकिंचनता, ब्रह्मचर्य आणि आज्ञाधारकता. यांतील दुसरे व्रत गृहस्थाश्रमी माणसास जसेच्या तसे घेता येत नाही. तेव्हा अशा माणसास संन्यासाचा दरवाजा बंदच समजावयाचा काय? येथे महाराष्ट्राची आपली परंपरा टिळकांच्या मदतीस आली. एकनाथ गृहस्थाश्रमी होते, तुकोबाही संसारी होते. आणि तरीही त्यांच्याइतका विरक्त पुरुष शोधू गेल्यास सापडणार नाही. ज्या भूमीने हे संत पाहिले, तिला संसारात राहून केलेला त्याग नवा नव्हता.

म्हणून टिळकांनी संन्यासाचा अर्थच फिरविला. बायको, मुले, घर आणि गाव ही देवाने सोपविलेली माणसे व स्थळे आहेत. ती टाकावयाची नाहीत. टाकावयाचे आहे ते मीपण, आणि मिळकतीचा, मानाचा व उद्याचा भरवसा. अकिंचनतेच्या व्रतासाठी त्यांनी वेतन सोडले. आज्ञाधारकतेच्या व्रतासाठी कोणा मठाधिपतीऐवजी थेट ख्रिस्ताची आज्ञा ते प्रार्थनेत विचारू लागले. आणि मठाच्या भिंतीऐवजी उंबरठा ठेविला, जो कोणासही ओलांडता यावा. साताऱ्याजवळच सज्जनगड आहे, जेथे समर्थ रामदासांनी आपले अखेरचे दिवस घालविले. त्या गडाच्या छायेतल्या गावात हा नव्या तऱ्हेचा संन्यासी आपल्या पत्नीसह राहू लागला.

तेथे त्यांनी जे कार्य मांडले, त्यास देवाचा दरबार असे नाव दिले. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांस स्थान होते, तसेच न घेतलेल्यांसही होते. ख्रिस्तावर प्रीती करणारा व त्याच्या शिकवणीप्रमाणे मानवसेवा करू इच्छिणारा कोणीही मनुष्य तेथे भाऊ होता. टिळकांनी स्वतःचा बाप्तिस्मा नाकारला नाही, मंडळीही सोडली नाही. तथापि आज शंभराहून अधिक वर्षांनी वाचताना ही कल्पना जितकी सोपी वाटते, तितकी त्या वेळी ती सोपी नव्हती. मंडळीतील काहींस वाटले की, याने कुंपणच मोडून टाकले. आणि बाहेरील काहींस वाटले की, धर्मांतर करविण्याची ही एक नवी युक्ती आहे. दोन्हीकडून संशय पत्करूनही टिळक डगमगले नाहीत.

आणि घरचे काय? पगार थांबला म्हणजे भूक थांबत नाही. पुरुषाने अकिंचनतेचे व्रत घेतले की त्याचा अर्धा भार, किंबहुना अर्ध्याहून अधिक भार, चुलीपुढे बसणाऱ्या बाईवर पडतो, ही गोष्ट मठाच्या इतिहासात लिहिलेली सापडत नाही, कारण मठात चूल सांभाळणारी पत्नी नसते. टिळकांच्या प्रयोगात ती होती. म्हणून या संन्यासाचे श्रेय द्यावयाचे तर ते दोघांस द्यावे लागेल. एकेकाळी टिळक घर सोडून जात तेव्हा लक्ष्मीबाई मागे राहत. या खेपेस ते पगार सोडून निघाले तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर होत्या. पहिल्या जाण्यात आणि या जाण्यात हाच मोठा फरक आहे, आणि आमच्या मते टिळकांच्या सर्व आयुष्याचा अर्थ या फरकात साठलेला आहे.

या प्रयोगास देवाने फार दिवस दिले नाहीत. दीड-पावणेदोन वर्षांतच टिळकांची प्रकृती ढासळली. उपचारासाठी त्यांस मुंबईस आणण्यात आले, आणि भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात ९ मे १९१९ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. ज्या शहरात त्यांच्या ख्रिस्ती आयुष्याचा आरंभ झाला, त्याच शहरात सव्वाचोवीस वर्षांनी ते संपले. त्यांच्या इच्छेस अनुसरून त्यांच्या देहाचे दफन न करता दहन करण्यात आले, आणि अस्थी नगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, नेण्यात आल्या. ख्रिस्ती होताना आपण हिंदी असणे सोडले नाही, हे त्यांनी मरणातही सांगून ठेविले.

दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. एखाद्यास वाटेल की, मग हा प्रयोग फसला. आम्हांस तसे वाटत नाही. त्याचे दोन अंकुर आम्ही येथे दाखवितो.

पहिला अंकुर असा. त्या काळी नगर भागात जॅक विन्स्लो नावाचे एक तरुण इंग्रज धर्मोपदेशक काम करीत होते. टिळकांच्या जीवनाचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. १९२२ साली त्यांनी नगर येथे ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला, आणि १९२३ साली टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. या संघात हिंदी व इंग्रज सभासद एकत्र राहत, खादी वापरीत, जमिनीवर बसून साधे शाकाहारी जेवण घेत. पुढे संघाचे ठाणे पुण्यास शिवाजीनगर येथे झाले. १९२७ साली व्हेरियर एल्विन तेथेच प्रथम आले. आणि तेथील सहकारी शामराव हिवाळे यांच्याबरोबर १९३२ साली ते मध्य प्रांतातील गोंडांच्या वस्तीत जाऊन राहिले. आपल्यातीलच एक मराठी तरुण कोणत्याही मठाच्या भिंतीवाचून रानातल्या झोपडीत सेवेचे व्रत आचरीत राहिला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसरा अंकुर आम्हांस याहूनही मोलाचा वाटतो. टिळकांनी ख्रिस्तायन हे ओवीबद्ध महाकाव्य लिहावयास घेतले होते. त्याचे पहिले दहा-अकरा अध्याय होतात न होतात तोच ते कालवश झाले. हे काम कोणी पुरे केले? ज्या स्त्रीस लग्नानंतर लिहिणे-वाचणे शिकावे लागले, जोडाक्षरे लिहिताना जी अडखळे, त्या लक्ष्मीबाईंनी साठांहून अधिक अध्याय रचले. त्याच वर्षांत स्मृतिचित्रेही त्यांनी लिहून काढली. पतीचे दोष त्यांनी त्यांत लपविले नाहीत, पतीविषयीची प्रीतीही लपविली नाही, आणि स्वतःच्या फजित्या तर मनमोकळ्या हास्याने सांगितल्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या निवर्तल्या, आणि १९३८ साली ख्रिस्तायन ग्रंथरूपाने बाहेर पडले. टिळकांनी संन्यास घेताना पत्नीस टाकले असते, तर हा ग्रंथ अपुराच राहिला असता. घर न सोडणाऱ्या संन्यासाचे फळ कोणते, असे कोणी विचारल्यास या ग्रंथाकडे बोट दाखवावे.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रातून आपण काय घ्यावयाचे? टिळकांप्रमाणे सर्वांनी नोकऱ्या सोडाव्या असे आम्ही म्हणत नाही. तसे सांगणे सोपे असते, आणि सांगणाऱ्यास त्यासाठी काही सोडावे लागत नाही. परंतु देवाला वाहिलेल्या आयुष्यासाठी दूरचे रान किंवा उंच भिंत लागते, ही समजूत मात्र आपण टाकून द्यावी. ज्यास घरी अभ्यासाला निराळी खोली नाही, त्याने पहाटे घर जागे होण्यापूर्वीचा अर्धा तास आपला करावा. तोच त्याचा एकांत होय. ज्यास खाऊसाठी थोडे पैसे मिळतात, त्याने त्यांतील वाटा शेजाऱ्याच्या मुलासाठी काढावा. तीच त्याची अकिंचनता होय. आणि आजारी आजीच्या उशाशी बसणे, धाकट्या भावास पाढे शिकविणे, आईच्या हातचे काम न सांगता उचलणे, हीच त्याची आज्ञाधारकता होय. यांपैकी कोणत्याही व्रतासाठी घराबाहेर पाऊल टाकावे लागत नाही. किंबहुना ती घरातच पाळणे अधिक कठीण आहे, कारण घरातील माणसे आपणांस आतून-बाहेरून ओळखत असतात आणि त्यांच्यापुढे सोंग टिकत नाही.

पालकांसही आमची एक विनंती आहे. आपल्या मुलाचे किंवा मुलीचे मन पैशापेक्षा सेवेकडे अधिक ओढ घेऊ लागले, तर घाबरून जाऊ नये. त्याच वेळी मुलास हेही शिकवावे की, जगाची सेवा करावयास निघताना घरच्या माणसांस तुडवून जावयाचे नसते. टिळकांस हा धडा शिकावयास अर्धे आयुष्य लागले. आपल्या मुलांस तो लवकर यावा.

असो. टिळकांनी मठ बांधला नाही, नियमांचा ग्रंथ लिहिला नाही, मागे शिष्यांची परंपरा ठेविली नाही. त्यांनी एक उघडे घर ठेविले, दोनशेंहून अधिक गीते ठेविली, आणि त्याग व प्रीती एका छपराखाली नांदू शकतात याचा दाखला ठेविला. ज्या मुंबईत ते नव्याने जन्मले आणि ज्या मुंबईत त्यांनी डोळे मिटले, तिच्या प्रत्येक चाळीत, प्रत्येक इमारतीत असा एखादा उंबरठा असावा, आणि तो राखणारा एखादा आमच्या शाळेचा विद्यार्थी असावा, एवढीच प्रभूचरणी आमची प्रार्थना आहे.